भिंतींचे वारसदार

उषा-अनिरुद्धाचे आख्यान आमच्या देवळांच्या सभामंडपांत पिढ्यान्‌पिढ्या रंगत आले आहे. बाणासुराची कन्या उषा स्वप्नात एका तरुणास पाहते, जागी होते, आणि त्याचे नावगाव ठाऊक नसल्यामुळे व्याकुळ होते. तेव्हा कुंभांड मंत्र्याची मुलगी चित्रलेखा, उषेची सखी, रंग घेऊन बसते. देव, गंधर्व, सिद्ध, चारण, यक्ष, मनुष्य असे एकामागून एक चेहरे ती रेखाटीत जाते. वृष्णिकुळातील पुरुषांपाशी आल्यावर प्रद्युम्नाचे चित्र पाहून उषा लाजते, आणि अनिरुद्धाचे पाहताच तिची मान खाली जाते. ओळख पटली! मग चित्रलेखा योगबळाने आकाशमार्गे द्वारकेस जाते आणि निजलेल्या अनिरुद्धाला शोणितपुरास घेऊन येते. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. कीर्तनकारांची घाई पुढच्या शृंगाराकडे आणि त्याहून पुढच्या हरिहरांच्या युद्धाकडे असते. जिच्या कुंचल्याने हे सारे घडविले त्या मुलीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

हे सारे स्मरावयाचे कारण एक इंग्रजी कादंबरी. आमची पुतणी चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकते. तिने ती आमच्या टेबलावर, खटल्यांच्या कागदांवरच, आणून ठेवली आणि म्हणाली, "काका, ही चित्रलेखेचीच गोष्ट आहे. फक्त ही ब्रुकलिनला राहते." कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेले अद्भुत वाङ्मय वाचण्याचे आमचे वय नव्हे आणि तशी सवडही नाही. तरी दोन रात्रींत आम्ही ती वाचून काढली, हे कबूल केले पाहिजे. वाचल्यावर मात्र कादंबरीपेक्षा तिच्या मागे उभा असलेला इतिहास आम्हांस अधिक खुणावू लागला. त्याच इतिहासाचा धांडोळा येथे घ्यावयाचा आहे.

कादंबरीचे नाव 'शॅडोशेपर', म्हणजे छायांना आकार देणारा. लेखक डॅनिएल होसे ओल्डर. पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ आणि २०२० मध्ये त्याचे आणखी दोन भाग निघाले. हे गृहस्थ आईच्या बाजूने क्यूबाचे, आणि लेखक म्हणून नाव होण्यापूर्वी न्यू यॉर्क शहरात अनेक वर्षे रुग्णवाहिकेवर काम करीत असत. शहराच्या ज्या गल्ल्यांचे वर्णन ते करतात त्या त्यांनी रात्री-अपरात्री पाहिलेल्या आहेत, हे पानापानांवर जाणवते.

कथा थोडक्यात अशी. सिएरा सांतियागो ही प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबातील शाळकरी मुलगी ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत राहते. अर्धवट बांधून सोडून दिलेल्या एका इमारतीच्या भिंतीवर ती सुट्टीत मोठे चित्र काढीत आहे. शेजारीच मोकळ्या जागेत म्हातारे मंडळी डॉमिनो खेळत बसतात. जवळच्या एका जुन्या भिंतीवर त्यांच्या एका दिवंगत सोबत्याचे, पापा आसेव्हेदोचे, चित्र आहे. ते विटत चालले आहे. आणि एके दिवशी सिएराला त्या चित्राच्या डोळ्यांत अश्रू दिसतो. घरी आजोबा लाझारो अर्धांगवाताने अंथरुणाला खिळलेले. ते तिला सांगतात, चित्र लवकर पुरे कर, आणि रॉबी नावाच्या मुलाची मदत घे. हळूहळू उलगडते ते असे : या वस्तीतील काही जणांपाशी एक विद्या आहे. मृतांचे आत्मे अवतीभोवती असतातच. चित्रकाराने आकार दिला की ते त्यात प्रवेश करतात आणि चित्र हालू-चालू लागते. आकार रंगाचाच असावा असे नाही. आजोबा कथेतून तो देत, आणि सिएराचा भाऊ गाण्यातून. या विद्येचे मूळ लुसेरा नावाच्या एका शक्तीत आहे. ती रुसून निघून गेली म्हणून भिंती विटत आहेत. आणि या विद्येवर टपून बसला आहे जोनाथन विक, कोलंबिया विद्यापीठाचा मानववंशशास्त्रज्ञ.

आमच्या वाचकांस यात अपरिचित असे फारसे काही नाही. चवथीला चिकणमातीच्या मूर्तीत आवाहन करून प्राण प्रतिष्ठापिणारे आणि विसर्जनानंतर ती पुन्हा मातीच आहे असे मानणारे आपण लोक. मूर्तीचे डोळे शिल्पकाराने शेवटी उघडावयाचे, हा नेत्रोन्मीलनाचा विधी आपल्याकडे आहेच. विष्णुधर्मोत्तर पुराणात तर चित्रकलेची उत्पत्तीच अशी सांगितली आहे की, नारायण मुनींनी आम्ररसाने एक स्त्री रेखाटली आणि ती उर्वशी होऊन उभी राहिली. म्हणजे आकार आधी, प्राण मागाहून. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. आपण आवाहन करतो ते देवतेचे; ब्रुकलिनची मुले करतात ते पितरांचे. आपल्या पितरांना आपण पिंड देतो, चेहरा देत नाही. त्यांना चेहरा हवासा वाटावा, भिंतीएवढा मोठा हवासा वाटावा, याला कारण आहे. आणि ते त्यांच्या इतिहासात आहे.

प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील एक बेट. स्पॅनिश लोकांनी तेथे १५०८ साली पहिली वसाहत केली. आपल्याकडे आफोंसो द आल्बुकेर्क मांडवीत शिरला त्याच्या दोन वर्षे आधी. तेथील मूळ रहिवासी ताइनो. रोग, वेठबिगार आणि तलवार यांनी त्यांची पन्नास वर्षांत अशी वाताहत केली की समाज म्हणून ते कागदोपत्री जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. ती गुलामगिरी १८७३ पर्यंत चालली. १८९८ साली स्पेनचा पराभव झाला आणि बेट अमेरिकेकडे गेले. १९१७ मध्ये लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर उसाच्या मळ्यांतून उठून ते न्यू यॉर्ककडे लोटले : १९४० साली त्या शहरात प्वेर्तो रिकोची सुमारे ६१ हजार माणसे होती, १९६० साली ती ६ लाखांवर गेली. वीस वर्षांत दसपट! एवढी माणसे एकदम स्थलांतर करतात तेव्हा भांडीकुंडी बरोबर येतात. स्मशाने येत नाहीत.

ताइनोंच्या धर्माविषयी आज जे काही ठाऊक आहे त्यातले बरेचसे एका माणसाच्या वहीतून आले आहे. रामोन पाने नावाचा एक साधा संन्यासी कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीबरोबर आला. कोलंबसाच्या आज्ञेवरून तो शेजारच्या हिस्पानिओला बेटावर ताइनोंमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि १४९८ च्या सुमारास त्याने त्यांच्या समजुतींचे एक लहानसे टिपण तयार केले. अमेरिका खंडात युरोपियनाने स्थानिक लोकांविषयी केलेले पहिले पद्धतशीर लिखाण म्हणून त्याचा उल्लेख करतात. त्याची मूळ प्रत हरवली. कोलंबसाच्या मुलाने लिहिलेल्या पित्याच्या चरित्रात ती समाविष्ट होती, आणि त्या चरित्राचे इटालियन भाषांतर १५७१ साली व्हेनिसला छापले गेले, म्हणून ती वाचली.

त्या टिपणात 'सेमी' नावाच्या मूर्तींची हकीगत आहे. सेमी लाकडाची असे, दगडाची असे. तिच्यात देवता असे, कधी पूर्वज असे. लाकडाची सेमी कशी घडते? पाने सांगतो : रानातून जाणाऱ्या माणसाला एखादे झाड मुळापासून हालताना दिसते. तो भिऊन थांबतो आणि विचारतो, तू कोण? झाड म्हणते, बेहिकेला बोलाव, तो सांगेल. बेहिके म्हणजे त्यांचा वैद्य आणि पुरोहित. तो येतो, विधिपूर्वक झाडाशी बोलतो, आणि झाड स्वतःच सांगते, मला तोड, माझी अशी अशी मूर्ती कर, मला घर बांध. येथे कर्ता कारागीर नव्हे. वस्तूच आपला आकार मागते. विटलेल्या चित्राच्या डोळ्यांतला अश्रू आणि मुळापासून हालणारे ते झाड यांत पाचशे वर्षांचे अंतर आहे, एवढेच.

पानेच्याच टिपणात आणखी एक प्रसंग आहे. नव्याने आणलेल्या ख्रिस्ती प्रतिमा काही ताइनोंनी शेतात नेऊन पुरल्या. जमिनीत मूर्ती पुरली की कंद चांगला धरतो, या त्यांच्या श्रद्धेने त्यांनी तसे केले असावे, असे आजचे अभ्यासक म्हणतात. कोलंबसाच्या भावाने त्यांस विटंबनेचा गुन्हा लावून जिवंत जाळले. वकील म्हणून आम्ही तो मजकूर वाचतो तेव्हा असे वाटते की, आरोपींना आपला हेतू सांगण्याची संधी एका भाषेत होती आणि न्यायाधीश दुसऱ्या भाषेत बसले होते. १५६० मध्ये ज्यांच्या पूर्वजांनी कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात नेले, त्यांना या प्रसंगाविषयी अधिक सांगावयास नको. ज्यांना पलीकडचा तीर होता त्यांचे देव वाचले. बेटावरच्या माणसांना पलीकडचा तीर नव्हता.

आता ब्रुकलिनच्या भिंतींकडे येऊ. अमेरिकेतील गरीब वस्त्यांत भिंतींवर सामुदायिक चित्रे काढण्याची चळवळ १९६७ च्या सुमारास शिकागोत सुरू झाली आणि वर्षभरात न्यू यॉर्कला पोहोचली. पण कादंबरीतील भिंतींचे मूळ त्याहून जवळचे आहे. १९८० नंतरच्या दशकात त्या शहराच्या प्वेर्तो रिकन आणि कृष्णवर्णी वस्त्यांत अमली पदार्थांचा आणि बंदुकांचा सुळसुळाट झाला. १९९० या एका वर्षात शहरात दोन हजारांहून अधिक खून झाले. मेलेले बहुतेक विशीच्या आतबाहेरचे. तेव्हा मुलाच्या आईने किंवा मित्रांनी वर्गणी काढून भिंत रंगविणाऱ्या पोराला बोलवावयाचे आणि मुलगा जेथे पडला त्या कोपऱ्यावर फवाऱ्याच्या रंगांनी त्याचा चेहरा, त्याच्या जन्म-मृत्यूच्या तारखा, त्याच्या आवडीची मोटार काढून घ्यावयाची, असा प्रघात पडला. खाली मेणबत्त्या, फुले, क्वचित मद्याची बाटली. मार्था कूपर आणि जोसेफ शोरा यांनी १९९४ साली या स्मृतिभिंतींच्या छायाचित्रांचे पुस्तक केले आहे. ज्यांची स्मशाने समुद्रापलीकडे राहिली त्यांनी भिंतींनाच चौथरे केले, असा आमचा तर्क आहे.

आणि भिंत भाड्याची! हे सर्वांत मोठे दुखणे. १९९० नंतर गुन्हे उतरले, घरांच्या किमती चढल्या, आणि ज्या वस्तीत कोणी पाऊल टाकीत नसे तेथे उपाहारगृहे आणि नवे भाडेकरू आले. भिंती पुसल्या गेल्या. काही पाडल्या गेल्या. सिएराच्या भिंतीवरचे चेहरे विटतात त्याला कादंबरीत लुसेराचे जाणे हे कारण दिले आहे. प्रत्यक्षात चुन्याची बादली पुरते.

येथे कायद्याविषयी थोडे लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. न्यू यॉर्कच्याच क्वीन्स भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाने प्रसिद्ध असलेली एक जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्याच परवानगीने चित्रकारांनी ती वर्षानुवर्षे आतून-बाहेरून रंगविली होती, आणि ती पाहावयास परदेशांतून लोक येत. पुढे मालकास तेथे निवासी मनोरे बांधावयाचे होते. चित्रकार न्यायालयात गेले. तात्पुरता मनाईहुकूम नाकारला गेल्यावर, सविस्तर निर्णयपत्र बाहेर येण्याचीही वाट न पाहता, नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत मालकाने सर्व चित्रांवर पांढरा रंग फासला. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याप्रमाणे मान्यता पावलेल्या चित्राचा नाश करण्यापूर्वी चित्रकारास नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे जे काढून नेता येईल ते त्याने न्यावे. २०१८ साली न्यायमूर्ती फ्रेडरिक ब्लॉक यांनी ४५ चित्रांबद्दल २१ चित्रकारांना ६७ लाख ५० हजार डॉलर देवविले, आणि २०२० मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. मालकी मालकाचीच होती. परंतु भिंत ज्याची त्याचेच चित्र, असे न्यायालयाने मानले नाही.

आमच्या देशातही हे तत्त्व नवीन नाही. अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले प्रचंड ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ साली त्यांना न विचारता उखडून भांडारात टाकण्यात आले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली ते दिल्ली उच्च न्यायालयात लढले. २००५ साली न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांस परत देवविले आणि सरकारवर पाच लाखांची भरपाई बसविली. निकाल सुंदर आहे. पण त्यात वादी एक माणूस होता, ज्याचे नाव होते, सही होती. सिएराच्या आजोबांच्या विद्येला सही नाही. चौदा पिढ्यांनी राखलेली वस्तू जेव्हा कोणी उचलून नेतो तेव्हा फिर्याद कोणी करावयाची?

हा प्रश्न आपल्याला थेट जोनाथन विकपाशी आणतो. विक हा चोर नव्हे. निदान आरंभी नव्हे. तो वस्तीत येतो, म्हाताऱ्यांत बसतो, टिपणे काढतो, आणि लाझारो त्याला आपण होऊन दीक्षा देतात. मग त्याला वाटू लागते की हे लोक आपली विद्या सांभाळण्यास असमर्थ आहेत, तेव्हा ती आपणच ताब्यात घ्यावी. लोककल्याणाच्या भाषेत केलेला हा कब्जा आहे. कोलंबिया विद्यापीठाचे नाव लेखकाने उगीच घेतलेले नाही. अमेरिकन मानववंशशास्त्राचे पितामह फ्रांझ बोआस त्याच विद्यापीठात होते, आणि १९१३ मध्ये सुरू झालेल्या प्वेर्तो रिकोच्या शास्त्रीय पाहणीत मानववंशाचा भाग त्यांच्याकडे होता. त्यांच्यातर्फे गेलेल्या जॉन ऑल्डन मेसन यांनी बेटावरच्या कथा, कोडी, गाणी यांचा मोठा संग्रह केला आणि १९१५ साली उतुआदो गावाजवळ ताइनोंच्या एका क्रीडांगणाचे उत्खनन केले. संग्रह अमेरिकेतील नियतकालिकांत इतर विद्वानांच्या संपादनाखाली छापला गेला.

परंतु दुसऱ्या पक्षाचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा. बोआस हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध आयुष्यभर लढलेले गृहस्थ होते. त्यांना विकच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. आणि रामोन पाने? तो धर्मांतराच्या कामाला गेला होता, हे खरे. पण त्याची वही नसती तर हालणारे झाड आज कोणालाच ठाऊक नसते. कोकणातील कावीचे उदाहरण घ्या. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा रंग चढवून तो कोरून काढलेली ती वेलबुट्टी, ते पोपट, त्या रामायणातल्या रांगा किती देवळांवरून जीर्णोद्धाराच्या उत्साहात खरवडल्या गेल्या! कृष्णानंद कामत गावोगाव हिंडून त्यांचा अभ्यास करून ठेवते ना, तर पुढच्या पिढीला कावी हा शब्दही शब्दकोशातच शोधावा लागता. कादंबरीलाही हे मान्य आहे, आणि तेच तिचे सर्वांत प्रामाणिक स्थळ आम्हांस वाटले. सिएराला आपल्या घरची विद्या काय होती हे प्रथम नीट कळते ते कोठे? कोलंबियाच्या ग्रंथालयात, विकच्याच कागदांत! ज्याच्यापासून ते वाचवावयाचे त्याच्याच दप्तरात त्याचा पुरावा.

घरच्यांनी तिला काहीच का सांगितले नव्हते? येथे पुस्तकाचा खरा खटला उभा राहतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात विक नाही, आजोबा आहेत. लाझारोंनी ती विद्या रॉबीला दिली, विकला दिली. नातीला दिली नाही. ही मुलींची गोष्ट नव्हे, असे त्यांनी ठरविले होते. मुलीच्या, म्हणजे सिएराच्या आईच्या, अंगी ती होती. तिने ती झिडकारून मौन पत्करले. आणि शेवटी कळते की ज्या लुसेरावर ही सारी परंपरा उभी होती ती दुसरी कोणी नसून सिएराची आजी कार्मेन, लाझारोंचीच पत्नी. परक्या पुरुषाला दार उघडले आणि घरच्या मुलीला लावून घेतले. ज्यांच्या घरातून या विद्येचा उगम झाला त्यांनाच तिची चाहूल लागू दिली नाही.

ही केवळ कादंबरीतील कल्पना आहे असे कोणी म्हणेल. मेसन यांनी खणलेल्या त्या क्रीडांगणाच्या कडेला उभ्या शिळांत एक स्त्री कोरलेली आहे, बेडकासारखे पाय दुमडून बसलेली. पुष्कळ जण तिला ताइनोंची आदिमाता मानतात. आणि अलीकडचे एक संशोधन त्याहून बोलके आहे. बेटावरच्या आजच्या लोकांची मातृपरंपरा जनुकीय परीक्षेने तपासली तेव्हा दहांपैकी सुमारे सहा जणांत ती ताइनोंसारख्या मूळ रहिवाशांपर्यंत पोहोचलेली आढळली. कागदोपत्री जो वंश बुडाला असे चारशे वर्षे शिकविले गेले, तो आयांच्या बाजूने चालतच होता. दप्तरे बापाचे नाव लिहीत आली, म्हणून ते दिसले नाही.

आपल्याकडे पाहू नये असे वाटते. पण पाहणे प्राप्त आहे. गोव्याच्या देवळांतील गायन ज्या कलावंत घराण्यांच्या स्त्रियांनी जिवंत ठेवले, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या मंडपांच्या परिसरात वाढल्या, त्या मंडपांच्या कारभारात त्या स्त्रियांचे स्थान काय होते? गाण्याचा अधिकार होता, महाजनांच्या सभेत बसण्याचा नव्हता. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, याचा आम्ही सार्थ अभिमान बाळगतो. उरलेल्या देशाच्या बऱ्याच भागात हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मिळावयास २००५ साल उजाडावे लागले. मिळकतीचे झाले. विद्येचे, मानाचे, देवळातील मानपानाचे काय, याला कोणतेही कलम लागत नाही. ते घरात ठरते.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. विक आरंभी जितका पटतो तितका शेवटी पटत नाही. त्याची प्रेतांत आत्मे कोंडण्याची करामत मुलांना थरारक वाटेल, आम्हांस ती मूळ प्रश्नाला बाजूस सारणारी वाटली. इतका गुंतागुंतीचा वाद मारामारीने मिटविला की वकिलाला हळहळ वाटतेच. रस्त्यावरची इंग्रजी समजावयास आम्हांस पुतणीची वारंवार मदत घ्यावी लागली. पण सिएराच्या मावशीचे पात्र, जी तिच्या केसांवरून आणि तिच्या मित्राच्या काळ्या रंगावरून टोमणे मारते, ते इतके खरे आहे की वाचताना आमच्याच घरच्या दोन-तीन वडीलधाऱ्या बायकांचे आवाज कानांत आले. अन्याय सोसलेल्या माणसांच्याही घरात वर्णाची उतरंड असते, हे मुलांच्या पुस्तकात इतक्या सरळपणे लिहिलेले आम्ही फारसे पाहिलेले नाही.

पुतणीने पुस्तक आमच्याच टेबलावर का ठेवले, ते सांगावयाचे राहिले. काही वर्षांपूर्वी आमच्या कुलदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. मागच्या प्राकारात एका भिंतीवर हातभर उंचीचा कावीचा पट्टा शिल्लक होता : वेल, दोन पोपट, आणि एक मोर, ज्याचा पिसारा गिलाव्याबरोबर अर्धा गळला होता. समितीने भिंतीला फरशी बसविण्याचे ठरविले. कंत्राटदाराशी करावयाच्या करारनाम्याचा मसुदा आम्हीच केला. कामाची मुदत, विलंबाचा दंड, सिमेंटचा दर्जा, सारी कलमे त्यात होती. पट्ट्याविषयी एक ओळ नव्हती. कोणी तक्रार केली नाही, आणि आम्हालाही ते सुचले नाही. फरशी चांगली बसली; अजून एकही निघालेली नाही.

पुस्तक परत करावयास आम्ही तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिने कपाटातून शाळेची एक जुनी वही काढली. दहा वर्षांची असताना जत्रेच्या दिवशी, मोठी माणसे पालखीमागे असताना, तिने त्या भिंतीपाशी बसून पेन्सिलीने पोपट उतरवून घेतले होते. मोराचा गळलेला अर्धा पिसारा तिने आपल्या मनाने पुरा केला होता. त्या पट्ट्याची दुसरी कोणतीही नोंद आमच्या माहितीत नाही. अग्रशाळेच्या मागच्या भिंतीवर, चुना आणि तांबडी माती वापरून, तो पुन्हा काढू द्यावा असा अर्ज तिने समितीकडे केला आहे. अर्जाची भाषा आम्ही तपासून दिली. गेल्या बैठकीत तो वाचला गेला. मुलगी लग्न होऊन गेल्यावर भिंतीची निगा कोण राखणार, असा प्रश्न एका वयोवृद्ध सभासदांनी विचारला, आणि विषय पुढील बैठकीवर टाकण्यात आला.